तीन दिवसांचे मंत्रिमंडळ
(बाभुळगाव येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



1877 च्या नोव्हेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष मार्शल मॅकमाहोन यांनी निवडणुकीचा कौल झुगारून जनरल रोशबुए यांचे मंत्रिमंडळ नेमले. लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने त्याच्याशी व्यवहार करण्यास साफ नकार दिला आणि तीन आठवड्यांत ते गेले. त्याहूनही अल्पायुषी मंत्रिमंडळ बाभुळगावने ज्या प्रांताचा कारभार सोसला, त्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होऊन गेले.

1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने तेथे 112 पैकी 70 जागा जिंकल्या. डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री झाले. परंतु नागपूर-वऱ्हाडचे मराठी मंत्री आणि महाकोशलचे हिंदी मंत्री यांत तट पडले. मे 1938 मधील पचमढीची तडजोड टिकली नाही. खरे, गोळे व देशमुख यांनी राजीनामे दिले. शुक्ल, मिश्र व मेहता यांनी नाकारले. तेव्हा गव्हर्नर वायली यांनी या तिघांना बडतर्फ केले. 21 जुलैला खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ शपथबद्ध झाले. 23 जुलैला त्यांना राजीनामा द्यावा लागला. 29 जुलैला शुक्ल अधिकारावर आले.

खऱ्यांचा दोष उघड आहे. सहकाऱ्यांना दूर करण्यासाठी त्यांनी परकीय गव्हर्नरचा अधिकार वापरू दिला. ज्या अधिकाराविरुद्ध मते मागितली, त्याच्याच आश्रयाला जाणे अक्षम्य होते. पण प्रश्न येथे संपत नाही. फ्रान्समध्ये निकाल निवडून आलेल्या सभागृहाने दिला. येथे तो वर्ध्याच्या श्रेष्ठींनी दिला. आमदार एकत्र आले ते निकाल ठरल्यावर. मतदार तर कोठेच नव्हता.

या धुमश्चक्रीत आणखी एक गोष्ट घडली. खऱ्यांच्या नव्या मंत्रिमंडळात अग्निभोज हे दलित मंत्री होते; शुक्लांच्या मंत्रिमंडळात दलित मंत्री नव्हता. त्यासाठी दलित कार्यकर्त्यांना सेवाग्रामला सत्याग्रह करावा लागला. वरच्यांच्या भांडणात शेवटच्या माणसाची जागा सर्वांत आधी जाते, ती अशी.

पक्षाला शिस्त हवी, यात वाद नाही. मात्र शिस्त म्हणजे वरून आलेला हुकूम नव्हे. सर्वांनी मिळून केलेला आणि सर्वांवर सारखा लागू होणारा निर्णय म्हणजे शिस्त. गव्हर्नर गेले, तरी नेता वरून नेमण्याची रीत गेली नाही. ती आधी आपल्या तालुका शाखेत मोडली, तरच मुंबईत आणि दिल्लीत मोडा असे सांगण्याचा अधिकार कार्यकर्त्यांना राहील.