राधोश्त पर्वतावरील देव रादेगास्त

चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व भागांत, मोराव्हिया प्रांतांत, बेस्किदी नांवाची डोंगरांची रांग आहे. तींत राधोश्त हा ११२९ मीटर उंचीचा पर्वत लोकांच्या विशेष प्रेमाचा आहे. पुस्तेवनी या खिंडींतून माथ्याकडे चालत जाणाऱ्या वाटसरूला वाटेंत एक पाषाणमूर्ति उभी दिसते. मुद्रा उग्र, पशूसारखी. एका हातांत शिंग, दुसऱ्या हातांत परशु. हा रादेगास्त, प्राचीन स्लाव्ह लोकांचा देव. तेथून पुढें प्रत्यक्ष शिखरावर मात्र संत सिरिल व संत मेथोडियस यांचें प्रार्थनामंदिर आहे, आणि त्याच्याजवळ त्या दोघां बंधूंचें शिल्पहि आहे. हे धर्मोपदेशक इ. स. ८६३ मध्यें मोराव्हियांत आले. राधोश्तावरील देवाची मूर्ति त्यांनींच फोडली, असें त्या भागांतील दंतकथा सांगते. मूर्ति फोडणारे आणि फुटलेला देव अशा प्रकारें एकाच डोंगरावर शेजारीं नांदत आहेत.

या देवाविषयीं इतिहास काय सांगतो? अकराव्या शतकाच्या आरंभीं थिएटमार नांवाच्या जर्मन बिशपानें उत्तरेकडील स्लाव्ह टोळ्यांच्या एका देवळाचें वर्णन लिहून ठेविलें. त्यांत रीदेगोस्त हें नांव गांवाचें आहे, देवाचें नव्हे. देवाचें नांव त्यानें निराळेंच दिलें आहे. पुढें त्याच शतकांत ब्रेमेनच्या आडामनें गांवाला रेट्रा म्हटलें आणि रेदिगास्त हें देवाचें नांव म्हणून सांगितलें. यावरून गांवाचें नांव लेखकांच्या हातून देवाला चिकटलें असावें, असें अनेक संशोधकांस वाटतें. शिवाय हें देऊळ होतें तो प्रदेश आज उत्तर जर्मनींत मोडतो, आणि राधोश्त पर्वत तेथून शेंकडों किलोमीटर दूर आहे. इ. स. १४९२ मध्यें छापलेल्या सॅक्सन लोकांच्या एका बखरींत या देवाचें चित्र आलें: छातीवर बैलाचें मस्तक, डोक्यावर पक्षी, हातांत परशु. पुढच्या चित्रकारांनीं तेंच गिरविलें. पर्वताच्या नांवांत मात्र ‘आनंद’ आणि ‘पाहुणा’ हे दोन अर्थ एकत्र आले आहेत. त्यामुळें पाहुण्यांचें स्वागत करणारा देव ही कल्पना लोकांच्या मनांत सहज रुजली.

मूर्तीचा कर्ता अल्बिन पोलाशेक हा याच पर्वताच्या पायथ्याशीं, फ्रेन्श्टात गांवीं १८७९ सालीं जन्मला. व्हिएन्ना शहरीं लांकडावरील कोरीव काम शिकून १९०१ सालीं तो अमेरिकेस गेला. तेथें त्यानें शिल्पकलेचें रीतसर शिक्षण घेतलें, १९१० मध्यें रोमचें मानाचें पारितोषिक मिळविलें, आणि पुढें शिकागोच्या कलासंस्थेंत शिल्पविभागाचा प्रमुख म्हणून अनेक वर्षें काम केलें. परदेशांत कीर्ति मिळाली तरी गांवचा डोंगर त्याच्या मनांतून गेला नाहीं. १९३१ सालीं राधोश्तावर रादेगास्त आणि संतबंधूंचें शिल्प हीं दोन्ही उभीं राहिलीं, तीं एकट्या पोलाशेकच्या हातचीं.

यांतील संतांचें शिल्प ब्राँझचें आहे. रादेगास्त मात्र कृत्रिम दगडाचा, म्हणजे सिमेंट व दगडाचा चुरा यांच्या मिश्रणाचा ओतलेला होता. अशा दगडाला बारीक छिद्रें असतात. पावसाचें व वितळलेल्या बर्फाचें पाणी त्यांत शिरतें. रात्रीं तें गोठून फुगतें, सकाळीं पुन्हा वितळतें, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक दगडाचा कण न् कण सैल होत जातो. उघड्या डोंगरमाथ्यावर असा हिवाळा दरवर्षीं येतो. त्यामुळें केवळ डागडुजी करीत राहावयाचें कीं मूर्ति खालीं आणावयाची, असा प्रश्न पडला. खालीं आणली तर डोंगर ओका दिसणार. तेथेंच ठेविली तर शिल्पकाराच्या हातचें काम डोळ्यांदेखत झिजून जाणार. अखेर मध्यम मार्ग निघाला. १९९८ सालीं ग्रॅनाइटची हुबेहूब प्रतिमा घडवून पर्वतावर उभी केली, आणि मूळ मूर्ति फ्रेन्श्टातच्या नगरभवनांत सुरक्षित ठेविली. शिल्पकाराच्या जन्मगांवींच ती विसावली, हें उचितच झालें.

श्रोत्यांच्या मनांत शंका येईल, मग डोंगरावरील मूर्ति खरी म्हणावी कीं खोटी? याचें उत्तर पोलाशेकच्याच दुसऱ्या एका कामांत सांपडतें. प्राग शहरांतील मुख्य रेल्वेस्टेशनासमोर १९२८ सालीं त्यानें केलेला अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचा पुतळा उभा राहिला होता. जर्मन आक्रमकांनीं तो १९४१ सालीं पाडून टाकला. सत्तर वर्षांनीं, २०११ सालीं, त्याच जागीं त्याची नवी प्रतिकृति उभी राहिली. पुस्तेवनी येथील लिबुशीन हें दुशान युर्कोविच यांनीं बांधलेलें सुंदर लांकडी उपाहारगृहहि २०१४ च्या आगींत बव्हंशीं जळालें. जुन्या पद्धतीनें तें पुन्हा बांधून २०२० मध्यें खुलें करण्यांत आलें. तिन्ही ठिकाणीं मूळ वस्तूचें नुकसान वेगवेगळ्या कारणांनीं झालें: कोठें हिमामुळें, कोठें द्वेषामुळें, कोठें आगीमुळें. जीर्णोद्धाराचें कारण मात्र तिन्हींकडे एकच होतें. ती जागा रिकामी राहावी, हें तेथील लोकांना सहन झालें नाहीं.

रादेगास्त नांवाचा देव कोणी पूजिला होता कीं नाहीं, याविषयीं पंडितांत वाद चालूं द्या. पोलाशेकनें दूर देशीं राहून आपल्या डोंगराची आठवण ठेविली, आणि गांवकऱ्यांनीं त्याच्या कामाची. यांतील कोणत्याहि गोष्टीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. मूळ मूर्ति पाहावयाची असेल त्यानें फ्रेन्श्टातला जावें; मूर्तीसाठीं तिच्या कर्त्यानें निवडलेली जागा पाहावयाची असेल त्यानें डोंगर चढावा. ज्याला सवड असेल त्यानें दोन्हीहि पाहावीं.