घरातले वाचन आणि घरातल्यांचे मत

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी आम्हाला 'कुटुंबातील वाचन' हा विषय दिला, तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. आम्ही काही विद्वान नाही, प्राध्यापक नाही. कारखान्याची पाळी केली, पावसाळ्यात थोडी भातशेती केली, एवढीच आमची कमाई. पण कार्यकर्ते म्हणाले, "काका, तुमच्या घरात पुस्तकांवरून भांडणे होतात असे ऐकले आहे, तेच सांगा." म्हणून उभे राहिलो. तेव्हा हे भाषण म्हणजे आमच्या घरातल्या भांडणाची हकीकत आहे असे समजा.

बंधूंनो, आपल्या वस्तीत पुस्तक नाही असे घर आता क्वचितच सापडेल. ६ डिसेंबरला आपण दादरला चैत्यभूमीवर जातो. शिवाजी पार्कावर पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात. घरी परतताना कुणाच्या पिशवीत कॅलेंडर असते, कुणाच्या पिशवीत मूर्ती असते, पण एखादे तरी पुस्तक असतेच. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले, ते मोठाले खंडही काही घरांत आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण खरे सांगा, त्यातली किती पुस्तके उघडली जातात? काचेच्या कपाटात पुस्तक असते, त्याच्यापुढे शोभेच्या वस्तू असतात, आणि पाहुण्यांना ते लांबून दिसते. काही पुस्तकांवरचे प्लास्टिक तसेच असते. आमच्याही घरी असेच होते, म्हणून बोलतो.

आपल्या वाडवडिलांची गोष्ट वेगळी होती. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता, रायगड हे नाव १९८१ ला मिळाले. याच जिल्ह्यात महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि पुढे दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्याच्या आधी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले होते. त्या काळी अख्ख्या वस्तीत एखाद्यालाच अक्षरओळख असायची. तो वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण विहारात बसून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो, तीही ऐकण्याचीच रीत आहे. ती चांगलीच आहे. पण ऐकून झाल्यावर आपण काय करतो? साधू साधू म्हणतो आणि घरी जातो. मला काय वाटले, तुला काय वाटले, हे विचारायचे राहून जाते. विहारात वेळ कमी असतो, ते समजू शकते. मग घरी तरी विचारावे की नको?

आता आमच्या घरची गोष्ट. १९९५ च्या पावसाळ्यातली. लावणी आटोपली होती. मुलगी नववीत होती. तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे पुस्तक वाचायला दिले होते. १९८६ साली ते पुस्तकरूपाने निघाले. बेबीताई फलटणच्या. आपल्या समाजातल्या बायांचे जिणे, दारिद्र्य, अंधश्रद्धा, सासुरवास हे सगळे त्यांनी काही झाकून न ठेवता लिहिले आहे. रात्री जेवणे झाल्यावर मुलगी मोठ्याने वाचायची आणि आम्ही सगळे ऐकायचो. आमची आई भिंतीला टेकून बसायची. आमच्या मंडळी, म्हणजे मुलीची आई, तांदूळ निवडत ऐकायच्या.

एका रात्री सासुरवासाची पाने आली. सुनांचे हाल कसे व्हायचे ते मुलगी वाचत होती. घरात कुणी बोलेना. आई एकदम म्हणाली, "बंद कर ते. पोराबाळांसमोर असली घाण कशाला काढायची? झालं गेलं संपलं." मुलगी लहान. ती सरळ विचारून बसली, "आजी, खरंच असं करायचे का गं? तू पण केलंस?"

आम्हाला राग आला. आम्ही म्हणालो, "मोठ्या माणसांना असं विचारतात का? याच्यासाठी शाळेत घातलं तुला?" मुलीने पुस्तक मिटले आणि ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने वाचायला घेतले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढे ती पुस्तके आणायची, पण कोपऱ्यात बसून एकटीच मनात वाचायची. "कसं आहे पुस्तक?" असे विचारले तर "बरं आहे" एवढेच म्हणायची. आम्हाला वाटले, चला, घरात शांतता झाली. ती शांतता कसली आहे हे आमच्या ध्यानात आले नाही.

त्याच वर्षावासात एके दिवशी वाचनानंतर एका जाणत्या बांधवाने बाबासाहेबांच्या लहानपणाची हकीकत सांगितली. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली होती, तिच्यात ती आहे. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात छापलेली नव्हती. ती नंतर लोकांसमोर आली.

सुभेदार रामजी हे कबीरपंथी. शिस्तीचे कडक. तरी ते मुलांकडून रोज रामायण, महाभारत वाचून घेत. घरी कथा ऐकायला माणसे जमत, त्यांनाही वाचून दाखवायला लावत. पुढे भीमराव इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले. लोकांना सत्कार करायचा होता. सुभेदार नको म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर मध्ये पडले. सभा झाली, केळुसकर गुरुजी अध्यक्ष झाले, आणि त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ते पुस्तक वाचून त्या मुलाच्या मनात खळबळ उडाली. त्याने वडिलांना विचारले की, तुम्ही आम्हाला हे साहित्य का दिले नाही? ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा कमीपणा सांगितला आहे, ते आमच्याकडून का वाचून घेता?

आता बघा, सुभेदारांनी काय केले. फौजेतला माणूस. त्यांनी मुलाला उत्तर दिले. आपण अस्पृश्य, त्यामुळे तुझ्या मनात न्यूनगंड यायची भीती आहे. द्रोण, कर्ण साध्या स्थितीतून केवढे वर चढले ते पाहा, वाल्मीकीही कोळी होता, म्हणून वाचायला सांगतो, अशा अर्थाचे ते बोलले. मुलाला त्यात थोडे तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. त्याने सांगितले की महाभारतातली माणसे मला आवडत नाहीत, भीष्म-द्रोण आवडत नाहीत, कृष्ण आवडत नाही, राम आवडत नाही. आणि का आवडत नाहीत तेही सांगितले. सुभेदार गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड उभे राहिले आहे हे त्यांनी ओळखले.

ही हकीकत ऐकून आम्ही विहारातून घरी आलो, पण त्या रात्री झोप लागली नाही. ज्या ग्रंथांवर बापाची इतक्या वर्षांची भक्ती, त्यांनाच पोरगा नावे ठेवतो, आणि बाप ऐकून घेतो! हाच बाप त्या पोराच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींकडे जाई, त्यांचे दागिने गहाण टाकायला मागून आणी. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रात्री दोनपर्यंत जागे राहून मग मुलाला अभ्यासाला उठवी. पुस्तक दिले आणि पुस्तकाविरुद्ध बोलायची मोकळीकही दिली. आणि आम्ही? आमच्या लेकीने तर कुणाला नावेही ठेवली नव्हती. एक प्रश्न विचारला होता.

सकाळी आम्ही मुलीला म्हणालो, "त्या दिवशी आमचं चुकलं. ते पुस्तक परत आण." ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी पुस्तक घेऊन आली.

आईला आम्ही सांगितले, तुला ऐकायचे नसेल तर आत बस, जबरदस्ती नाही. ती आत गेली नाही. पुस्तक संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. संपले त्या रात्री मात्र ती सुनेकडे बघून म्हणाली, "मी तुझा दिवा विझवायची."

ही गोष्ट १९८० च्या सुमाराची. घरात वीज आलेली नव्हती. आमच्या मंडळी सातवी शिकून आलेल्या. सामान बांधून आलेला कागदसुद्धा त्या वाचल्याशिवाय टाकत नसत. रात्री सगळे आवरल्यावर चिमणीच्या उजेडात काहीतरी वाचत बसायच्या आणि आई येऊन चिमणी विझवायची. रॉकेल जळते म्हणायची. आम्हालाही ते बरोबर वाटायचे, कारण रॉकेल रांगेत उभे राहून आणावे लागे.

आई पुढे म्हणाली, "रॉकेल महाग व्हतं, ते खरं हाय. पण नुसतं रॉकेल नव्हतं. तू वाचायचीस आणि मला येत नव्हतं, त्याचा राग यायचा. बुकातल्या बाईनं लिवलंय ते खोटं नाय."

बंधू-भगिनींनो, आमच्या मंडळींनी पंधरा वर्षे ही गोष्ट मनात ठेवली होती आणि आईनेही ठेवली होती. एकाच चुलीवर दोघी जेवण करीत होत्या. ती गाठ आमच्याकडून सुटली नाही, पंचायतीकडून सुटली नसती. एका पुस्तकाने आणि नववीतल्या पोरीच्या प्रश्नाने सुटली. पुढे आम्हाला कळले की बेबीताईंनी स्वतः ते लिखाण सुमारे वीस वर्षे घरच्यांच्या भीतीने लपवून ठेवले होते. दुकानात बसून लिहायचे आणि कागद कुणाच्या नजरेला पडणार नाहीत असे ठेवायचे. तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, "चिमणी विझवणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं."

आता हल्लीची गोष्ट सांगतो. आई आज हयात नाही. ती मुलगी आता स्वतः आई आहे. सुट्टीत नातू गडबला येतो. त्याला आम्ही बाबासाहेबांच्या चरित्राची एक लहान पुस्तिका दिली. वाचून तो म्हणाला, "आजोबा, मला नाही आवडली. यात बाबासाहेब कधी चुकतच नाहीत. कधी खेळत नाहीत. मग मी त्यांच्यासारखा कसा होणार?" आमच्या तोंडावर जुने उत्तर आलेच होते. पण मुलगी समोर बसली होती आणि आमच्याकडे बघून हसत होती. आम्ही गप्प बसलो.

मग कपाटातून धनंजय कीरांनी लिहिलेले चरित्र काढले. प्लास्टिक आम्हीच फाडले. त्यात साताऱ्याची गोष्ट आहे. लहान भीमाला शाळा सोडून मुंबईला पळायचे होते, गिरणीत काम करायचे होते. गाडीभाड्यासाठी तो आत्याच्या कमरेची पिशवी काढायचा प्रयत्न करी. काही रात्री खटपट केल्यावर ती हाती लागली, तर आत फक्त अर्धा आणा. त्याची त्यालाच लाज वाटली, आणि मग त्याने मन लावून अभ्यास करायचे ठरवले. नातवाने ते पान दोनदा वाचले. म्हणाला, "हे आवडलं." आवडले नाही असे तो बोललाच नसता, तर हे पान आम्हीही उघडले नसते.

यावर कुणी म्हणेल, लहान मुलांना असे बोलू दिले तर आदर राहील का? बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितलेच आहे की, केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. आपल्याला हे पाठ आहे. मग घरात आल्यावर ते विसरून कसे चालेल? आदर गप्प बसवून मिळत नाही. मिळतो तो धाक.

आता काय करावे, हे थोडक्यात सांगतो. आमच्या घरी रविवारी रात्री अर्धा तास टीव्ही आणि मोबाईल बंद असतो. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. ज्याला वाचता येत नाही त्याचे मतही मत धरायचे. बोलताना सर्वांत लहानाने आधी बोलायचे आणि घरातल्या कर्त्या माणसाने सर्वांत शेवटी, कारण कर्ता आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. "आवडले नाही" असे म्हणायला हरकत नाही, पण का आवडले नाही ते सांगायचे. कुणी हसायचे नाही. घरातल्या बाईला त्या अर्ध्या तासात चहा करायला उठवायचे नाही. ही शेवटची अट आमच्या मंडळींनी घातली आहे आणि ती सर्वांत अवघड आहे.

पुस्तक बाबासाहेबांचेच हवे असे नाही. अण्णा भाऊंची 'फकिरा' घ्या. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. उर्मिला पवारांचे 'आयदान' घ्या. त्या आपल्या कोकणातल्या, रत्नागिरीकडच्या. त्यांतल्या किती गोष्टी आपल्या आजीला आठवतील ते बघा. आणि आजी अजून घरात असेल तर उशीर करू नका. आमच्या आईने शेवटच्या काही वर्षांत जे सांगितले, ते आम्ही लिहून घेतले नाही. याची खंत आम्हाला आहे.

विहाराच्या कमिटीला एक विनंती. विहारात एक कपाट आहे, त्याला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे असते ते सर्वांना माहीत हवे. पुस्तके घरोघरी द्या, वहीत नोंद करा. परत आणून देणाऱ्याला एवढेच विचारा, "घरी कोण काय म्हणालं?" पुस्तक थोडे मळले, फाटले तरी चालेल.

आम्ही बोलायला उभे राहण्याआधी मुलीला विचारले होते, दिव्याची गोष्ट सांगू का? ती म्हणाली, आईला विचारा. आमच्या मंडळी म्हणाल्या, "सांगा. पण सासूबाईंनी कबूल केलं, हेही सांगा. कबूल करणं सोपं नसतं." ते सांगून झाले.

 घरी जाऊन यावर जरूर वाद घाला. एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!