कुत्रं चावलं, तर आधी साबण

गेल्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीला एक ताई मुलाला घेऊन आली. पोटरीला कुत्रं चावलेलं, त्यावर हळद-तिखट थापलेलं. म्हणाली, "बैठक झाली की बघू." मी हप्त्याची वही मिटली आणि आधी पोराला नळाखाली उभं केलं.

रेबीजचा विषाणू स्वतःहून वाढूच शकत नाही. आपल्या पेशीत शिरला, तरच त्याच्या प्रती निघतात. त्याच्यावर चरबीचं पातळ वेष्टन असतं. तव्याचा तेलकटपणा साबणाने सुटतो ना, तसं तेही साबणाने फुटतं. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, हो! तिखटाने जखम फक्त चिघळते.

उरलेला विषाणू नसांतून मेंदूकडे हळूहळू सरकतो. बहुतेकदा त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्यात लस घेतली तर तो वाटेतच अडतो. पण एकदा लक्षणं दिसली, की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. लस दंडात देतात, पोटातली इंजेक्शनं आता नाहीत. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेतही वेगळं इंजेक्शन लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा.

त्या पोराचा तिसरा डोस उद्या आहे. आई कापूस वेचायला जाणार, म्हणून मी नेतेय त्याला.