एका पातेल्याची उसळ

सकाळीं खोपटच्या एस्. टी. स्थानकाकडे किंवा ठाण्याच्या लोकलकडे धांवणाऱ्या पतिपत्नींना सायंकाळीं परतल्यावर नव्यानें स्वयंपाक मांडणें जड जातें. अशा घराला रविवारीं एकदांच मोठें पातेलें चढवून केलेली मटकीची उसळ फार उपयोगी पडते.

अर्धा किलो मटकी शनिवारीं सकाळीं भिजत घालावी व रात्रीं फडक्यांत बांधावी. रविवारीं मोड आलेले दिसतील. तेलांत मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी करून ४ कांदे परतावेत. तिखट व गोडा मसाला घालून मटकी टाकावी, आधणाचें पाणी ओतावें व झांकण ठेवावें. आमसुलें व गूळ मटकी शिजल्यावरच घालावा. आधीं घातल्यास ती लवकर मऊ होत नाहीं. येथेंच पुष्कळांची चूक होते व दोष मटकीला येतो.

ओलें खोबरें पातेल्यांत घालूं नये. तें लवकर आंबतें. वाढतांना वरून घालावें. उसळ पसरट भांड्यांत निववून २ तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावी. ठाण्याच्या दमट हवेंत रात्रभर ओट्यावर राहिलेल्या अन्नाचा भरंवसा धरूं नये. लागेल तेवढीच काढून उकळावी व ३ दिवसांत संपवावी.

मटकीऐवजीं राजमा घेतल्यास भिजवणाचें पाणी टाकून तो प्रथम निदान १० मिनिटें खळखळ उकळावा व मग पुरता शिजवावा. अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो.

पहिल्या रात्रीं भाकरी, दुसऱ्या रात्रीं भात, तिसऱ्या रात्रीं फरसाण, कांदा व लिंबू घालून मिसळ. वांचलेला तास मुलांच्या अभ्यासाला मिळतो आणि सर्व मंडळी एकदम पानावर बसतात.