ग्रंथांचें गणगोत

घरांत पुस्तकें जमूं लागलीं म्हणजे तीं लावावीं कशीं, हा प्रश्न केव्हांना केव्हां प्रत्येक वाचकापुढें उभा राहतो. कोणी तीं लेखकांच्या नांवांप्रमाणें लावतो, कोणी कथा, काव्य, निबंध असे खण पाडतो, आणि कोणी पुस्तकांची उंची जुळवूनच समाधान मानतो. या पद्धतींत सोय आहे; परंतु पुस्तकांचें गणगोत त्यांतून उमगत नाहीं. तें जुळतें एखाद्या समान प्रश्नानें. अशा एका गोताची ओळख आज आपणांस करून देण्याचा विचार आहे. त्याचा प्रश्न असा : मनुष्याचें भूमीशीं असलेलें नातें तुटतें कशानें?

विभूतिभूषण बंदोपाध्याय यांची 'आरण्यक' ही बंगाली कादंबरी १९३९ सालीं प्रसिद्ध झाली. कलकत्त्याचा एक सुशिक्षित, बेकार तरुण बिहारांतील एका जमीनदारीचा व्यवस्थापक होऊन अरण्यांत जातो. प्रथम तेथील एकांत त्याला खावयास उठतो; पुढें त्याच अरण्याचें त्याला वेड लागतें. पण त्याची नेमणूकच मुळीं तें रान कुळांना लागवडीस लावून देण्यासाठीं झालेली! ज्यावर जीव जडला, तें आपल्याच हातून नाहींसें व्हावें, हें त्याचें दुःख.

तिच्या शेजारीं व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' ठेवून पाहा. येथेंहि एक तरुण नोकरीच्या निमित्तानें परक्या मुलुखांत येतो. माणदेशांतील धनगरांच्या वाडीचा तो शिक्षक. हळूहळू तो वाडीचाच होतो. परंतु शेवटीं पाऊस पाठ फिरवितो, आणि माणसें मेंढरांसह देशोधडीला लागतात. तेथें मनुष्य अरण्याला हांकलतो. येथें अवर्षण मनुष्याला.

तिसरी गो. नी. दांडेकरांची 'पडघवली', तीहि १९५५ सालचीच. येथें कथा सांगणारी अंबावहिनी घरचीच सून आहे. कोंकणांत पावसाला तोटा नाहीं. तरीहि गांव ओस पडत जातो. माणसामाणसांतील नातीं सैल झालीं, कीं मातीशीं असलेलें नातें फार काळ टिकत नाहीं, हें ती कादंबरी दाखविते.

मी 'पडघवली' प्रथम वाचली तेव्हां माझ्या आजोबांवर मनांतून रुष्ट झालों. कोंकणांतील घराला कुलूप लावून त्यांनीं मुंबईची वाट धरली होती. पुढें 'बनगरवाडी' वाचली, आणि पोटासाठीं उठून जाणाऱ्याला दोष कसा द्यावा, असें वाटूं लागलें. 'आरण्यक' हातीं आली तेव्हां तर मीच ओशाळलों. कारण तें घर विकण्याच्या कागदावर सही माझी होती. एकेका पुस्तकानें मला एकेक निवाडा दिला; तिघांनीं मिळून मला आरोपीच्या पिंजऱ्यांत आणून उभें केलें.

अशी जुळवाजुळव करतांना प्रत्येक पुस्तकाचें वेगळेपण मात्र पुसूं नये. नातेवाईकांचे चेहरे मिळतेजुळते असले, तरी स्वभाव निराळेच असतात. साम्यामुळें तीं शेजारीं येतात. बोलूं लागतात तीं भेदामुळें.

या तिघींच्या जवळ मी आणखी एक पुस्तक ठेवलें आहे : दुर्गा भागवतांचें १९५६ सालचें 'ऋतुचक्र'. महिन्यामागून महिना झाडें, फुलें, आकाश यांचें रूप कसें पालटतें, तें त्यांत आहे. दुर्गाबाईंचें वास्तव्य मुंबईचें. शहरांत राहूनहि सृष्टीशीं सोयरीक राखतां येते, हें तें पुस्तक सांगतें. घर विकलेल्या मनुष्याला एवढा आधार थोडा नव्हे. माझ्या गॅलरीसमोरच्या पिंपळाला पालवी केव्हां फुटते, हें पाहावयास मी त्यानंतर शिकलों.

आपणहि आज एक आवडतें पुस्तक कपाटांतून काढावें, आणि त्याचा सगासोयरा कोणत्या खणांत बसला आहे, याचा शोध घ्यावा. कदाचित् त्या गोतांत आपलेंहि नांव निघेल.