घरातल्या सैनिकाची नोंद

(कामठी येथे विजय दिनानिमित्त झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित गोषवारा.)



डिसेंबर १९७१ मध्ये गंगासागरच्या रणात लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांनी देह ठेवला आणि ते परमवीर चक्राचे मानकरी ठरले. ते १४ गार्ड्स या पलटणीचे. १९४९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आज आपल्या कामठीत आहे. परमवीरांचे नाव राष्ट्राने जपले. परंतु त्याच युद्धात लढून मुकाट्याने घरी परतलेल्या सामान्य जवानाचे नाव कोणी जपायचे? ते दायित्व त्याच्या कुटुंबाचे आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी गणवेशातील आजोबांची तसबीर आहे. दसऱ्याला तिला हार चढतो. मात्र आजोबा कोणत्या पलटणीत होते, त्यांचा सैनिकी क्रमांक काय, ते कोठे लढले, असे नातवाने विचारले तर घर निरुत्तर होते. मग कोणीतरी सुचवितो, ‘दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सगळे मिळेल.’ पहिली गफलत येथेच होते. १८९१ मध्ये स्थापन झालेली ती संस्था शासनाच्या जुन्या फायली सांभाळते. स्वातंत्र्योत्तर काळातील जवानाची वैयक्तिक सेवापत्रे मात्र त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात, म्हणजे ‘रेकॉर्ड ऑफिस’मध्ये असतात.

येथे एक सूत्र ध्यानात ठेवावे. कागद गावाच्या नव्हे, रेजिमेंटच्या मागे जातो. १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी येथे कामठीत उभी राहिली. परंतु त्या रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. गार्ड्सची नोंद कामठीत, मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावात, तोफखान्याची नाशिक रोडला, चिलखती दलाची अहिल्यानगरला, तर बॉम्बे सॅपर्सची खडकीला. नौसैनिकांची मुंबईत मानखुर्दला आणि वायुसैनिकांची दिल्लीत. अधिकाऱ्यांची पत्रे सेना मुख्यालयाकडे असतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पेन्शन न मिळता सेवामुक्त झालेल्या जवानाची सेवापत्रे सेनेच्या नियमांनुसार २५ वर्षे ठेवली जातात. त्यानंतर ती नष्ट होतात. म्हणजे १९७१ च्या युद्धात लढून १९७५ मध्ये घरी आलेल्या अशा जवानाची मुदत २००० मध्येच संपली. अशा वेळी उरतो तो केवळ ‘लाँग रोल’, ही कायम जपली जाणारी नोंदवही. तीत भरती व सेवामुक्तीची तारीख आणि तत्सम मोजक्याच नोंदी असतात. म्हणून ‘पत्रे उपलब्ध नाहीत’ असे उत्तर आल्यास निराश होऊ नये. लाँग रोलमधील उतारा स्पष्ट शब्दांत मागावा.

शोधाचा आरंभ घरातूनच करावा. पहिली किल्ली म्हणजे सैनिकी क्रमांक. तो डिस्चार्ज बुकात, पेन्शनच्या आदेशावर, जुन्या मनीऑर्डरच्या पावतीवर अथवा रणांगणावरून आलेल्या पत्रावर सापडतो. काहीच नसेल तर पदके पाहावीत. बहुतेक पदकांच्या कडेवर अथवा मागील बाजूस क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. पदके चकाकविण्याच्या हौसेने ती अक्षरे पुसून टाकू नका! घरात काही न मिळाल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. माजी सैनिक म्हणून नावनोंदणी झाली असेल तर तपशील तेथे मिळू शकतो.

त्यानंतर अभिलेख कार्यालयाच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करावा. त्यात सैनिकाचे पूर्ण नाव, क्रमांक, हुद्दा, पलटण, वडिलांचे नाव, भरतीच्या वेळचे गाव आणि सेवेची अंदाजे वर्षे लिहावीत. गावाचे नाव त्या काळच्या जिल्ह्यासह द्यावे. मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि स्वतःचे ओळखपत्र यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद कदापि टपालाने पाठवू नयेत. नेमके काय हवे तेही लिहावे : सेवेचा तपशील, पदकांची नोंद, की कुटुंबाच्या नोंदीतील दुरुस्ती. वीरपत्नीच्या पेन्शनचा प्रश्न असेल, तर ही शेवटची गोष्ट निर्णायक ठरते.

उत्तर न आल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. नकार आल्यास प्रथम अपील, त्यानंतर केंद्रीय माहिती आयोग. वैयक्तिक माहिती परक्यास दिली जात नाही. म्हणून वारसाच्या नात्याचा पुरावा येथेही जोडावा.

१९४७ पूर्वीच्या सैनिकांचा शोध अधिक बिकट आहे. दोन महायुद्धांत कामी आलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत विनामूल्य पाहता येतात. ब्रिटिश अमदानीतील भारतीय सेनेची बरीच कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आणि आजोबा आझाद हिंद सेनेत असतील, तर मात्र राष्ट्रीय अभिलेखागाराचेच दार ठोठवावे. १९९७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्या सेनेविषयीच्या ९९० फायली तेथे सोपविल्या आहेत. ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची पाहता येते.

बंधू-भगिनींनो, शासनाच्या कागदाला मुदत असते, तशी आयुष्यालाही असते. ज्या आजीला पतीच्या पलटणीचे नाव आठवते, ती उद्या आपल्यात असेलच असे नाही. म्हणून या आठवड्यात एक संध्याकाळ तिच्यापाशी बसा. ट्रंक उघडा, क्रमांक वहीत उतरवून घ्या, आणि अर्ज मुलांच्या हातून लिहवून घ्या. तसबिरीला हार घालणे हा आदर झाला. तिच्याखाली नाव, क्रमांक आणि पलटण अचूक लिहिणे ही कृतज्ञता होय.