एक तांब्या पाणी
(वाशीम येथे वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, 'इस्लामच्या आचरणात नवख्याची पहिली पावलं'. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. ही पाच नावं इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. बालाजीच्या देवळातली घंटा आणि मशिदीतली अजान एकाच कानानं ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मी एकच गोष्ट सांगायला आलोय. नवख्यानं सुरुवात पाण्यापासून करावी. वजूपासून, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्यापासून.

मी चौतीस वर्षं शिकवलं. अजूनही पोरं घरी येतात, काही मुसलमान घरातली, काही नुसत्या कुतूहलानं. प्रश्न एकाच जातीचे. सर, हे चालतं का? ते चालतं का? दाढी किती? टोपी कोणती? मोबाईलवर चार जणांची चार मतं ऐकून बिचारे घाबरलेले असतात. त्यांना मी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचं म्हणणं सांगतो, ते बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. आधी जन्नत आणि दोजखच्या आयती उतरल्या, माणसांची मनं स्थिरावली, मग हलाल-हराम आलं. पहिल्याच दिवशी दारू सोडा म्हटलं असतं, तर लोकांनी ऐकलं नसतं. कुरआन उतरायला तेवीस वर्षं लागली. रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले ते हिजरी सन २ मध्ये, म्हणजे पहिल्या आयतीनंतर जवळजवळ चौदा वर्षांनी. आणि आपण नवख्याला आठवड्यात सगळं पाजायला निघतो!

वाचणाऱ्यांसाठी मराठीत भरपूर आहे. साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' वाचा. आपल्या विदर्भातल्या पवनारच्या विनोबांनी कुरआनसाठी अरबी शिकून घेतली, वर्षानुवर्षं ते वाचलं, तेव्हा कुठं १९६२ साली 'कुराणसार' आलं. पण पुस्तक हातात घ्यायच्या आधी हात धुवा, एवढंच माझं सांगणं. (हशा)

हसू नका, मी मनापासून बोलतोय. १९७२ चा दुष्काळ. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी आठ वर्षांचा. विहिरीचा तळ दिसत होता, पोहरा दगडावर खणकन वाजायचा. माझ्या नानांकडं तांब्याचा एक तोटीचा तांब्या होता, एका बाजूला पोचा पडलेला. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या, वेळी ते अंगणात उकिडवे बसायचे, समोर लोखंडी घमेलं. एकाच तांब्यात ते आणि मी, दोघांचा वजू. मनगटापर्यंत हात, चूळ, नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, ओल्या हातानं डोक्यावर मसह, शेवटी घोट्यापर्यंत पाय. सगळं एकेकदाच. मी म्हणालो, "नाना, मौलवीसाहेब तर तीनदा सांगतात." नाना म्हणाले, "तीनदा सुन्नत आहे बेटा, पण रसूलल्लाहनं एकेकदाही केलंय. विहिरीकडं बघ." घमेल्यात साठलेलं पाणी मी पेरूच्या झाडाला नेऊन घालायचो. त्या वर्षी गल्लीत तेवढं एक झाड हिरवं होतं.

पुढं हदीस वाचली तेव्हा कळलं, पैगंबर एका मुद्द पाण्यात वजू करायचे. मुद्द म्हणजे साधारण माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. लिटरसुद्धा नाही. परवा मी घरी नळ सोडून वजू केला आणि खाली बादली ठेवली. अर्धी भरली. पाच वेळा अर्धी बादली, प्रत्येक नमाजीची! एकबुर्जी धरणानं तळ दाखवला की या शहराचं काय होतं ते तुम्ही सोसलेलं आहे. आणि पाणी नसलंच तर? कुरआनच्या पाचव्या सूरेतल्या ज्या आयतीत वजू आहे, त्याच आयतीत स्वच्छ मातीवर हात ठेवून करायचा तयम्मुम आहे. पाणी नसलं म्हणून दार बंद होत नाही.

मागून कुणी तरी विचारतंय, हे धर्मप्रसाराचं व्याख्यान आहे का? नाही हो. धर्मात जबरदस्ती नाही, हे कुरआनच्या दुसऱ्या सूरेत स्पष्ट आहे आणि मी ते मानतो. शेजाऱ्याच्या घरात काय चालतं ते नीट बघावंसं वाटणं, यात भिण्यासारखं काही नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना कारंजाला गुरुमंदिरातही घेऊन गेलोय. (टाळ्या)

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मग नमाजचं भराभर सांगतो. अरबी येत नाही म्हणून कुणी थांबू नये. जमातीत मागच्या रांगेत उभं राहा, इमाम वाकले की वाका, ते सजद्यात गेले की जा. नमाजमध्ये म्हणतात त्या फातिहा सूरेच्या सात आयती आहेत, रोज एक पाठ करा, आठवड्यात होतात. पण अर्थ मराठीतून समजून घ्या.

ताई, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, बायकांनी कुठं शिकायचं? घरी तर शिकाच. पण पुण्यातल्या एका दांपत्यानं मशीद-प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २०२० साली उत्तर दिलं की नमाजसाठी बाईला मशिदीत यायला मुभा आहे. मग आपल्या गावोगावच्या मशिदींत त्यांच्यासाठी वजूची वेगळी जागा का नाही? ट्रस्टी मंडळी पुढच्या रांगेत बसलीत, त्यांनाच विचारतो. एक आडोसा आणि दोन नळ, एवढंच लागतं.

जकात, हज राहिलं, वेळ संपली. नानांचा तांब्या अजून माझ्याकडं आहे, पोचा तसाच. उद्या असरच्या अजानआधी मी अंगणात बसणार आहे. ज्याला बघायचंय, शिकायचंय, त्यानं यावं, धर्म कुठलाही असो. येताना आपापला तांब्या आणावा.